बर्बल कधी वाजतो, कधी नाही: ट्यून केलेल्या गाडीत दोष कुठे आहे हे क्रमाने कसं शोधायचं

समर्थ मंदिर चौकातून यवतेश्वरचा घाट चढताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी छान तडतडते. हीच तडतड म्हणजे बर्बल, ट्यूनरने (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणाऱ्याने) मुद्दाम घातलेली. अर्ध्या तासाने तोच घाट उतरताना मात्र मुकी. दुसऱ्या दिवशी हायवेला दोनदा वाजली, तिसऱ्यांदा नाही. मग मालक प्लग बदलतो, नाहीच जमलं तर सायलेन्सर बदलतो आणि शेवटी ट्यूनरला मेसेज टाकतो, "भाऊ, बर्बल थोडा वाढवून दे."

हा क्रम उलटा आहे, आणि महागही. सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवायचा असतो: आवाज आला नाही त्या क्षणी ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) बर्बल मागितला होता का? मागितलाच नसेल तर प्लग आणि सायलेन्सर बदलून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मागितला होता आणि तरी वाजला नाही, तर दोष लोखंडात किंवा इंधनात. आणि मागितला नसताना वाजला, तर तो बर्बल नाहीच, गाडीचं दुखणं आहे. खालचं सगळं या तीन शक्यता वेगळ्या करण्यासाठी आहे.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

साध्या गाडीत चालत्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की ईसीयू इंधन बंद करतो. बर्बलची फाइल हे बंद करणं काही क्षण लांबवते आणि ठिणगी मुद्दाम उशिरा टाकते. पिस्टन वरून खाली निघाल्यावर, कधी कधी बराच खाली गेल्यावर, मिश्रण पेटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळणं पूर्ण झालेलं नसतं, उरलेलं काम पाइपमध्ये होतं. तीच ती तडतड.

हे कायम चालू ठेवलं तर टर्बो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कॅट-कॉन (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) भाजून निघतील, म्हणून शहाणा ट्यूनर अटी घालतो: कूलंट अमुक अंशांच्या वर, आरपीएम अमुक ते अमुक, ठरावीक गिअर, ठरावीक ड्राइव्ह मोड, पाय उचलण्याआधी इंजिनवर पुरेसा लोड, कॅट-कॉनचं तापमान मर्यादेत, आणि एका वेळी दोन-तीन सेकंदांपुरतंच. यातली एक अट चुकली तरी शांतता. "कधी वाजतो, कधी नाही" अशा तक्रारींत माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत दोष असा नव्हताच. अट पूर्ण होत नव्हती आणि मालकाला ती अट माहीत नव्हती.

## टप्पा १: तयारी (इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया)

१. ट्यूनरकडून अटी लिहून घ्या. "स्टेज १ विथ पॉप्स" एवढ्यावर काही समजत नाही. नेमकं विचारा: कूलंट किती अंशांनंतर? आरपीएमची खालची-वरची हद्द? कोणत्या गिअरला? कोणत्या मोडमध्ये? पाय उचलल्यावर किती सेकंद? कॅट-कॉनच्या तापमानाची मर्यादा ठेवली आहे का? क्लच किंवा ब्रेक दाबला तर बंद होतो का? उत्तर देताना ट्यूनर आढेवेढे घेत असेल, तर बहुधा त्याने तयार फाइल चढवली आहे आणि अटी त्यालाही ठाऊक नाहीत. तेही समजलं तर बरंच.

२. लॉग घेण्याचं साधन. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायचं सॉकेट) लागणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप चालेल, पण स्वस्तातले नकली अडॅप्टर फार हळू असतात. त्यात लोक उत्साहाने पंचवीस चॅनेल निवडतात आणि प्रत्येकाचा आकडा सेकंदाला एकदासुद्धा येत नाही. बर्बल दोन सेकंदांत संपतो! असा लॉग म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडतानाच कॅमेरा बंद. सहा-सातच चॅनेल घ्या: आरपीएम, पेडल टक्के, इग्निशन टायमिंग, लॅम्डा, इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणारी तोटी) उघडा वेळ किंवा फ्युएल सिस्टिम स्टेटस, कूलंट, आणि मिळत असेल तर कॅट-कॉन किंवा एक्झॉस्टचं तापमान.

३. लॅम्डाच बघा, एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) नको. हा घोळ आता जास्त होतो. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं योग्य प्रमाण १४.७ ला १. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला ते साधारण १३.५ वर येतं, कारण निव्वळ इथेनॉलचं प्रमाण ९ च्या आसपास आहे. गेज पेट्रोलच्या मापावर लावलेला असतो आणि त्यावरचा आकडा पाहून मालक "गाडी रिच चालतेय" (पेट्रोल जास्त) किंवा "लीन चालतेय" (हवा जास्त) म्हणत बसतो. लॅम्डा मात्र योग्य प्रमाणाशी तुलना सांगतो: १ म्हणजे अगदी योग्य, इंधन कोणतंही असो.

४. पेट्रोल एकाच पंपाचं. चाचणीआधी निदान दोन टाक्या एकाच पंपावरून, एकाच प्रकारचं पेट्रोल भरा. एकदा साधं, एकदा ९५ ऑक्टेनचं, एकदा गावाकडच्या पंपाचं, असं चाललं तर ईसीयूच्या फ्युएल ट्रिम (पेट्रोल कमी-जास्त करण्याच्या दुरुस्त्या) सतत हलत राहतात आणि तुम्ही हलत्या पाटावर वजन करताय. पावसाळ्यात बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर जुनं पेट्रोल आधी संपवा. इथेनॉल पाणी ओढतं.

५. पायाखालची मॅट. हसू नका. सेव्हन-डी मॅट बसवलेल्या दोन गाड्यांत मी पेडल शून्यावर न येता दोन-तीन टक्क्यांवर अडकलेलं पाहिलं आहे. पेडल शून्य नाही, म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने तुम्ही पाय उचललेलाच नाही. मॅट काढा, इग्निशन चालू करा, इंजिन बंद ठेवा, आणि पेडलचा आकडा दहा वेळा दाबून-सोडून बघा. दर वेळी तो एकाच जागी परत आला पाहिजे.

६. एक माणूस सोबत. लॅपटॉप किंवा फोन तो बघेल, तुम्ही रस्ता. दुसरा फोन मागच्या सीटवर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. उभ्या गाडीत एकदा झटकन रेस द्या: रेकॉर्डिंगमधला आवाजाचा उंचवटा आणि लॉगमधला आरपीएमचा उंचवटा जुळवले की दोन्हींची वेळ एक होते. ही छोटी युक्ती नसेल तर "वाजला ना मघाशी" आणि "नाही, त्याच्या आधीच्या वेळेला" असा वाद घरी येईपर्यंत संपत नाही.

तपासा: बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या वर आहे का? नसेल तर आधी ती बघा. कमजोर बॅटरीवर स्कॅनर भलतेसलते कोड दाखवतो आणि तुम्ही त्यांच्या मागे धावता.

## टप्पा २: कोड वाचा, पण पुसू नका

स्कॅनर लावल्या लावल्या "क्लिअर" दाबायची सवय फार जणांना आहे. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे किती आरपीएम, किती लोड, इंजिन किती गरम, तीही पुसली जाते. आधी फोटो काढा.

पी०३०० किंवा पी०३०१ पासून पुढचे कोड म्हणजे मिसिंग, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच. पी०४२० म्हणजे कॅट-कॉनचं काम घटल्याची तक्रार. यातला एकही असेल तर टप्पा ३ करू नका, थेट टप्पा ५ आणि ६ वाचा.

सावध: मिसिंग असलेली गाडी रपेटीला नेऊन बर्बल तपासू नका. न जळालेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन तिथे पेटतं. साधारण ९०० अंशांच्या पुढे कॅट-कॉनच्या आतल्या थराचं नुकसान सुरू होतं, आणि त्याची किंमत तुमच्या रीमॅपपेक्षा जास्त असते.

## टप्पा ३: एकसारखी चाचणी

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक घाटात तपासतात. घाट हौसेला ठीक, निदानाला नाही. चढावर लोड जास्त, त्यामुळे पाय उचलला की अट सहज पूर्ण होते. उतारावर पाय आधीपासूनच सुटलेला असतो. लोडवरून शून्यावर येण्याचा जो क्षण बर्बल सुरू करतो, तोच तिथे येत नाही. त्यात पसरणीचा घाट दम लावून चढलात तर पाचगणीला पोहोचेपर्यंत कॅट-कॉन इतका तापतो की संरक्षण बर्बल बंद करतं. म्हणजे एकाच घाटात तीन वेगळी कारणं, आणि तुम्ही म्हणणार "गाडी मनाला येईल तशी वागते".

उंचीचाही हिशेब आहे. साताऱ्याला हवेचा दाब साधारण ९३ किलोपास्कल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. टर्बो जोर लावत असताना हा फरक बराच भरून काढतो, पण अर्ध्या पेडलवर, विशेषतः बिनटर्बो गाडीत, लोडचा आकडा अटीच्या जरा खाली राहतो. काठावरची अट असेल तर साताऱ्यात वाजेल आणि वेण्णा लेकला नाही.

म्हणून सपाट, मोकळा रस्ता घ्या. सांगलीकरांना हे सोपं आहे, मिरजेहून कवठेमहांकाळकडे जाणारा रस्ता बराचसा सपाट. सातारकरांनी हायवेचा सरळ तुकडा निवडावा, पण सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे डायव्हर्जन आहेत तो भाग टाळावा. पहाटेची वेळ, वस्तीपासून लांब. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

मग असं करा:

१. किमान वीस मिनिटं शांत चालवून गाडी गरम करा. कूलंट ९० ला लवकर पोहोचतो, तेल मागून येतं.

२. मोड स्पोर्ट, गिअर मॅन्युअलवर, तिसरा. एसी बंद, क्रूझ बंद.

३. २,५०० आरपीएमवर स्थिर व्हा. पेडल अर्धं दाबून ३,८०० पर्यंत न्या. बहुतेक गाड्यांत तिसऱ्या गिअरला वेग ऐंशीच्या आसपासच राहतो, वेगमर्यादा मोडायची गरज नाही.

४. पाय एकदम आणि पूर्ण उचला. ब्रेक नाही, क्लच नाही. मनात तीन मोजा.

५. एक-दीड मिनिट हलकं चालवा, एक्झॉस्ट निवू द्या. पुन्हा करा. एकूण पाच वेळा.

६. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाच-पाच वेळा: पाव पेडल, चौथा गिअर, एसी चालू, आणि शेवटी विश्रांती न घेता लागोपाठ पाच.

वहीत प्रत्येक वेळी फक्त तीन शब्दांपैकी एक लिहा: वाजला, अर्धवट, नाही. "मस्त", "थोडा कमी" असलं काही नको.

सावध: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्यांदाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर रोडरोलर फिरताना बातम्यांत पाहिलंच असेल. पोवई नाक्यावर किंवा विश्रामबागेत रात्री अकराला केलेली चाचणी निदानाच्या काही कामाची नसते, पोलिसांच्या कामाची असते.

## टप्पा ४: लॉग वाचा आणि वाट ठरवा

पेडल शून्य झालं ती ओळ शोधा. तिथून पुढचे दोन सेकंद बघा.

इंजेक्टरचा वेळ लगेच शून्य झाला आणि लॅम्डा लीनच्या टोकाला जाऊन बसला: ईसीयूने बर्बल मागितला नाही. ही वाट क.

इंजेक्टर चालू राहिले आणि टायमिंग शून्याच्या खाली, उणे आकड्यांत गेलं, म्हणजे ठिणगी पिस्टन खाली निघाल्यावर पडली: मागितला. तरीही रेकॉर्डिंगमध्ये आवाज नाही किंवा एखादाच फुसका बार. ही वाट ख.

इंजेक्टर शून्य आणि तरीही मागून धाड-धाड: ही वाट ग. ज्यांची गाडी "हल्ली जास्तच भारी वाजते" ते बरेचदा इथे असतात आणि खूश असतात.

एकाच गाडीत क आणि ख दोन्ही दिसू शकतात. अशा वेळी आधी क सोडवा. तो फुकटात सुटतो.

### वाट क: मागितलाच नाही

ट्यूनरने दिलेल्या अटींचा कागद आणि लॉग शेजारी ठेवा. वाजला त्या ओळी आणि न वाजलेल्या ओळी यांत काय वेगळं आहे एवढंच शोधायचं आहे.

ऑटोमॅटिक गाडीत पहिला संशय गिअरबॉक्सवर. डी मध्ये गाडी लवकर वरचा गिअर टाकते, आरपीएम दोन हजारांच्या खाली येतो आणि अटीची खालची हद्द गाठतच नाही. शिवाय इको किंवा नॉर्मल मोडमध्ये काही गाड्या पाय उचलल्यावर क्लच सोडून देतात आणि गाडी नुसती घरंगळते. आरपीएम पाय उचलताच आयडलला पडला तर हेच. विश्रामबागेतल्या एका मित्राने याच कारणापायी दोनदा प्लग बदलले आणि एकदा फाइल पुन्हा चढवून घेतली. लॉगमध्ये आरपीएमची रेघ पाहिली तेव्हा उत्तर पाच मिनिटांत मिळालं. बायको गाडी चालवायची तेव्हा मोड बदलायची आणि तो सकाळी बघायचाच नाही! प्लगचे पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे यावर त्या घरात अजून एकमत नाही.

दुसरा संशय तापमानावर, दोन्ही टोकांना. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत न वाजणं म्हणजे कूलंटची अट. तीन-चार वेळा छान वाजून मग बंद पडणं आणि थोडं शांत चालवल्यावर परत येणं म्हणजे कॅट-कॉनचं संरक्षण. हा दोष नाही. ही मर्यादा "काढून टाक" असं ट्यूनरला सांगणं ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट चूक, आणि पैसे मिळतात म्हणून ती ऐकणारेही आहेत.

तिसरा, पाय. पेडल शून्यावर यायला अर्धा सेकंद लागत असेल, म्हणजे तुम्ही पाय हळूच उचलताय, तर लोड आधीच उतरलेला असतो. चाचणीत वाजतो आणि रोजच्या चालवण्यात नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच.

आणि एक शेवटचं. गाडी सर्व्हिसहून आल्यापासून बर्बल गेला असेल तर पिकअपही ट्यून करण्याआधीसारखा मऊ झालाय का ते आठवा. सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की तुमची फाइल पुसली जाऊ शकते. तेव्हा अटी शोधत बसू नका, ट्यूनरला आत कोणती फाइल आहे ते वाचायला सांगा.

तपासा: वाट क मध्ये कारण सापडलं असेल तर ती एकच अट मुद्दाम पूर्ण करून पाच वेळा चाचणी करा. पाचपैकी पाच वाजला तर इथेच थांबा. बोनेट उघडायचं कारण नाही.

### वाट ख: मागितला, पण वाजला नाही

## टप्पा ५: लोखंड तपासा, याच क्रमाने

५.१ सायलेन्सरचा फ्लॅप. ज्या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये उघडझाप करणारी झडप आहे त्यांत आधी हीच बघा. गाडी पूर्ण थंड असताना झडपेचा दांडा हाताने हलवून पाहा. कास-बामणोलीच्या पावसात दोन-तीन मोसम काढलेल्या गाडीत तो गंजून अर्ध्यावर अडकलेला सापडतो. इंजिनने काम चोख केलेलं असतं, आवाज आतच कोंडतो.

५.२ गळती. खाली लावलेली गाडी आणि आपले स्पीडब्रेकर, यापुढे सांगायला नको. माझ्या स्वतःच्या गाडीत डाउनपाइपनंतरचा (टर्बोनंतरच्या पहिल्या पाइपनंतरचा) क्लॅम्प सुटला होता, आणि मी तीन आठवडे कॉईलवर संशय घेत फिरत होतो. तपासायची पद्धत अशी:

इंजिन बंद आणि पाइप थंड. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावा आणि मागच्या पाइपमध्ये घालून फट कापडाने बंद करा. मागे दोन पाइप असतील तर दुसऱ्यात बोळा कोंबा. मग टर्बोपासून मागेपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा: फ्लँज, क्लॅम्प, फ्लेक्स पाइप, ऑक्सिजन सेन्सरचा आटा, वेल्डिंगची शिवण. फेस फुगला तिथे गळती. जोडाच्या बाजूला काळी काजळीची जीभ दिसली तर साबणाचीही गरज नाही.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर पाय उचलल्यावर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला मिश्रण लीन वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम बिघडतात. मग बर्बल एकदा मोठा, एकदा नाहीच. सेन्सरच्या मागची गळती आवाजाचा बाज बिघडवते, ट्रिम नाही.

सावध: जुनं पॅकिंग पुसून परत लावू नका. आणि चालू इंजिनच्या पाइपजवळ हात नेऊन "हवा लागते का" पाहण्याची गॅरेजमधली सवय फक्त थंड गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटापुरती ठीक आहे, घाटातून आल्यावर नाही.

५.३ प्लग आणि कॉईल. आता प्लगची पाळी. पाय उचललेल्या अवस्थेत सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी आणि जुना धूर जास्त, त्यात ठिणगी उशिरा. असं मिश्रण पेटवणं कमजोर ठिणगीला जमत नाही. काही फेऱ्यांत पेटतं, काहींत नाही. एकसारख्या तडतडीऐवजी शांतता आणि मध्येच एखादा मोठा बार असं ऐकू येतं ते यामुळे. ट्यून केलेल्या टर्बो गाडीला ट्यूनर बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप सांगतात, पण आकडा तुमच्या ट्यूनरचाच घ्या. इरिडियमचं टोक केसाएवढं असतं, नाण्यासारख्या गेजने त्यावर जोर देऊन गॅप उघडू नका, टोक मोडतं. तारेचा गेज वापरा आणि वाकवायची ती फक्त वरची वाकडी पट्टी. प्लग टॉर्क पानाने घट्ट करा.

कॉईलचा संशय असेल तर नवीन चार घेण्याआधी दोन सिलिंडरच्या कॉईल अदलाबदल करा. मिसिंगचा आकडा कॉईलबरोबर सरकला तर कॉईल खराब. जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

५.४ ट्रिम. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. दहाच्या पुढे असेल तर गळती पुन्हा शोधा, या वेळी इनटेकच्या बाजूलाही: टर्बोचे रबरी पाइप, क्लॅम्प, एअर फिल्टरचं झाकण. ट्यूनच्या वेळी बसवलेला मोठा फिल्टर नीट न बसल्याने मास एअरफ्लो सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्या) चुकवून हवा आत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

ज्यांचा कॅट-कॉन जागेवर आहे त्यांनी एक मान्य करावं. कॅट-कॉन उरलेलं बरंच जाळून टाकतो, म्हणून आवाज मऊ येतो. व्हिडिओतल्या बंदुकीसारख्या आवाजाच्या गाड्यांना तो बहुधा नसतो. तो काढणं नियमात बसत नाही आणि माझ्या मते त्यात काही शौर्यही नाही.

### वाट ग: मागितला नाही, तरी वाजतो

## टप्पा ६: आनंद बाजूला ठेवून कारण शोधा

५.२ मधली साबणाची तपासणी इथे पहिली, कारण इंजेक्टर बंद असताना बार व्हायला पाइपमध्ये न जळालेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही लागतात, आणि गळतीतून बाहेरची हवा सहज मिळते. हवेचा रस्ता सापडला नाही तर पेट्रोलचा शोधा.

टर्बोची जादा हवा बाहेर हवेत सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का? मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मोजून झालेली हवा बाहेर सुटते, ईसीयू पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेचं देतो, आणि क्षणभर मिश्रण रिच होतं. मूळ परत फिरवणारा व्हॉल्व्ह लावून पाच चाचण्या करा, उत्तर मिळेल. मूळ व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तरी असलेच खेळ होतात.

इंजेक्टर ठिबकत असेल तर गरम गाडी बंद करून वीस मिनिटांनी सुरू करताना ती कुरकुरते, पेट्रोलचा वास येतो, आणि ट्रिम उणे बाजूला जातात. इथे घरचे उपाय थांबतात. इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या.

सावध: अशा गाडीला "बर्बल कमी कर" म्हणून फाइल बदलून घेतली तर आवाज दबेल आणि दोष तसाच राहील.

## टप्पा ७: दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी

एका वेळी एकच बदल. प्लग, पॅकिंग आणि फिल्टर एकाच दुपारी बदलून गाडी बरी झाली तर नेमकं काय झालं होतं ते पुढच्या वेळी कळणार नाही. बदल झाल्यावर ट्रिम बसायला गाडी साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे सातारा-कराड जाऊन-येऊन, रोजच्यासारखी चालवा. बॅटरी काढून "ईसीयू रिसेट" करू नका. शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि दोन दिवस गाडी वेगळीच वागते. लोकांना ती सुधारणा वाटते. तिसऱ्या दिवशी जैसे थे.

मग टप्पा ३ जसाच्या तसा. तोच रस्ता, तीच वेळ, तोच गिअर, तेच पेट्रोल. दुपारच्या उन्हातला लॉग पहाटेच्या लॉगशेजारी ठेवून तुलना करू नका.

## टप्पा ८: ट्यूनरला काय पाठवायचं

हे सगळं करूनही वाट क मध्ये अडकला असाल, म्हणजे सगळ्या अटी पूर्ण आणि तरी ईसीयू मागत नाही, तर आता फाइलचा प्रश्न आहे आणि आता ट्यूनरला मेसेज करायचा. असा:

"दादा, तिसरा गिअर, स्पोर्ट, मॅन्युअल. कूलंट ९२. अर्ध्या पेडलवर ३,८०० ला पाय उचलला, पेडल शून्य. दहापैकी चार वेळा इंजेक्टर लगेच बंद. बाकी सहा वेळा टायमिंग उणे जातं आणि वाजतो. कोड नाहीत, ट्रिम अधिक दोन, एक्झॉस्टची गळती तपासली. दोन्ही प्रकारचे लॉग आणि रेकॉर्डिंग सोबत आहेत. न वाजलेल्या वेळा ६, ७, ९ आणि १०."

यावर कामाचा ट्यूनर एका नजरेत सांगेल की कोणत्या अटीची हद्द काठावर आहे. बहुतेक वेळा लोडची किंवा तापमानाची हद्द थोडी सरकवली की काम होतं. नवीन फाइल आली की त्याच्याकडून अटींचा नवा कागदही मागून घ्या आणि जुना फेकू नका.